आधी मास्तर

त्या इमारतीत कुठलीही नवी वस्तू आली की ती आधी लिफ्टमास्तरांनी वापरून बघायची आणि मग बाकीच्यांनी, असा कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण सुरुवात लिफ्टपासून झाली एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. इमारत नवी असताना लिफ्ट बसवायला जो तरणाबांड कारागीर आला होता, तो म्हणजे हे मास्तर. त्यांच्या धंद्यात रीत होती, की ज्यानं लिफ्ट बसवली त्यानंच पहिली फेरी एकट्यानं मारायची. मास्तर आत शिरले, दार ओढून घेतलं, तळहात सपाट भिंतीला टेकवला आणि वर गेले. खाली जमलेली माणसं माना वर करून उभी. काही वेळानं लिफ्ट खाली आली, दार उघडलं, मास्तर बाहेर आले आणि एकच शब्द बोलले, "या."

त्या एका 'या'वर सगळी इमारत लिफ्टमध्ये बसली आणि आजतागायत कुणी अडकलं नाही. पुढे मास्तर त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा तर काही विचारूच नका. गच्चीच्या नव्या कठड्याला आधी मास्तर टेकले. नव्या टाकीचं पाणी आधी मास्तर प्यायले. चौथ्या मजल्यावरच्या घरी नवा जावई आला, तेव्हा सासूबाईंनी त्यालाही आधी मास्तरांसमोर बसवलं. मास्तरांनी त्याच्याशी चांगल्या घटकाभर गप्पा मारल्या, खुर्चीच्या पाठीला हात लावून बघितला आणि दाराबाहेर येऊन सासूबाईंना म्हणाले, "या." जावई पुढे सोन्यासारखा निघाला.

मास्तरांचा कान म्हणजे तर नुसता कान नव्हे. पाचव्या मजल्यावर दाढी करता करता ते तळमजल्यावर लिफ्टमध्ये कोण शिरलं हे दोराच्या आवाजावरून ओळखत आणि त्या माणसाचं वजन वाढलं असेल तर जिन्यातून ओरडून तसं सांगत. त्यामुळे इमारतीतल्या बऱ्याच बायका लग्नकार्याहून आल्यावर आठवडाभर जिनाच चढत.

आता मात्र अशी एक वस्तू आली होती, की जिचं झाकण उघडून आत बघता येत नव्हतं.

त्या हिवाळ्यात एक नवाच ताप शहरात शिरला होता. तरुणांना चार शिंका देऊन तो पुढे जायचा, म्हाताऱ्यांच्या मात्र छातीत बिऱ्हाड थाटायचा. तळमजल्यावरचा चष्मेवाला त्यातच गेला. दुकानाला कुलूप लागलं, पण काचेमागे चष्मे अजून ओळीनं मांडलेले होते, आणि येताजाता प्रत्येक म्हातारा त्या रिकाम्या चष्म्यांची नजर चुकवून लिफ्टकडे वळत होता.

मग लस आली. रस्त्याच्या टोकाला आरोग्यकेंद्र होतं, तिथं वय झालेल्यांना आधी टोचणार होते. लस कोरी करकरीत, कुणीही न वापरलेली. साहजिकच सगळ्या इमारतीचे डोळे पाचव्या मजल्याकडे लागले.

निरोप घेऊन आला रेडिओ. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे न्हावीकाका. दुकान मुलाकडे सोपवून झालं होतं, पण जन्मभर लोकांच्या कानाशी काम केलेलं, त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या कानाशी लागल्याखेरीज त्यांना करमत नसे. सगळे त्यांना तोंडावरच रेडिओ म्हणत आणि त्यांनाही ते आवडे.

"मास्तर, ठरलं," रेडिओ दारातूनच म्हणाला. "आधी तुम्ही."

"कुणी ठरवलं?"

"आता ते ठरवायला कशाला लागतंय? तुम्ही टोचून या, आम्ही बघतो."

"बघता काय? मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?"

"तसं नाही हो! तुम्ही 'या' म्हणालात की आम्ही सगळे निघालोच. शिंपीणबाईंनी तर बाहीसुद्धा तयार ठेवलीय."

ते खरं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी आपल्या झग्याच्या दंडावरची शिवण उसवून तिथं टिचबटणं लावली होती. बटण काढलं की दंड उघडा, सुई टोचली की बटण बंद. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती. लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "मी केव्हाही तयार आहे हो. पण आधी मास्तर."

हे सगळं मास्तरांनी हसण्यावारी नेलं असतं. पण आक्काचं काय?

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिचा नवरा लवकर गेला, मास्तरांनी लग्नच केलं नाही, आणि तेव्हापासून पाचव्या मजल्यावर ही दोन भावंडं एकमेकांना बोलून बोलून म्हातारी झाली होती. आक्काच्या छातीत एक शिटी होती. पूर्वी ती जिना चढल्यावर वाजायची. आताशा थंडीत बसल्या जागी वाजे. डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हा ताप यांच्या छातीत शिरला, तर मग माझ्या हातात काही उरणार नाही. लस लवकर द्या यांना." घरी येताच मास्तरांनी विषय काढला.

"आक्का, तू घेऊन टाक ना," ते म्हणाले. "तुला जास्त गरज आहे."

"बाळ्या, आधी तू." सत्तरी उलटलेल्या भावाला ती अजून बाळ्याच म्हणे. "सगळ्या जगासाठी आधी चढतोस, बहिणीच्या वेळेला पाय मागे का?"

पाय मागे का, ते मास्तरांना नीट ठाऊक होतं. जन्मात ते झाकण उघडून पाहिल्याशिवाय कशात बसले नव्हते. लिफ्टचा दोर हातानं चाचपता येतो, ब्रेक डोळ्यांनी दिसतो, शंका आली तर मोटर उघडता येते. ही लस एकदा आत गेली की गेली. मधल्या मजल्यावर थांबवून 'जरा बघू काय आवाज येतोय' म्हणायची सोय नाही. आणि हो, सुईलाही ते घाबरत. पण हे कारण त्यांनी मनातल्या मनातसुद्धा दुसऱ्या नंबरावर ठेवलं होतं.

तरी गेले. आरोग्यकेंद्रात लस वरच्या मजल्यावर टोचत होते. मास्तर लिफ्टमध्ये शिरले आणि तिथंच घोडं अडलं, कारण ती लिफ्ट कुरकुरत होती. मधेच अंग झटकल्यासारखी थरथरत होती. वर पोचली, दार उघडलं. समोर खुर्ची, खुर्चीशेजारी तबक, तबकात सुया आणि पाठमोऱ्या नर्सबाई. मास्तरांचे पाय लिफ्टच्या फरशीला चिकटले.

नर्सबाई वळल्या. "आजोबा, येताय ना?"

"आवाज ऐकतोय," मास्तर म्हणाले.

"कसला?"

"लिफ्टचा." आणि दार मिटलं.

मग ते खाली गेले. पुन्हा वर आले. दार उघडलं की खुर्ची दिसे, दार मिटलं की जीव भांड्यात पडे. खिशातला पान्हा बाहेर निघाला, तेलाची छोटी डबी निघाली. मास्तरांनी कुठं एक बोल्ट आवळला, कुठं थेंबभर तेल सोडलं, पुन्हा वर, पुन्हा खाली. आपण काम करतोय अशी त्यांची स्वतःची पक्की खात्री पटली होती. लिफ्टची कुरकुर थांबली तेव्हा वरचे दिवे मालवले जात होते. केंद्र बंद.

रस्त्यावर येऊन मास्तर भिंतीआड उभे राहिले. तेल पुसायचा कापूस खिशात होताच. त्याचा एक बोळा त्यांनी दंडावर ठेवला आणि वर तारांना गुंडाळायची काळी चिकटपट्टी लावली. उद्या सकाळी येऊन लस घ्यायचीच होती, त्यामुळे ही काही थाप नव्हती. उद्याची गोष्ट आज सांगायची, एवढंच.

लिफ्टपाशी सगळे म्हातारेकोतारे जमलेच होते. आक्का शाल लपेटून पुढे उभी होती. मास्तरांनी बाही वर केली, तसा एक सुस्कारा उठला. आता सगळे 'या'ची वाट बघू लागले, पण तो शब्द मास्तरांना खोटा उच्चारवेना.

"थांबा," मास्तर म्हणाले. "नवा दोर टाकला की तो थोडा ताणू द्यायचा असतो. एक-दोन दिवस बघू."

सगळ्यांना ते पटलं. फक्त शिंपीणबाई वाकून दंडाकडे बघत होत्या. "पट्टी काळी कशी? मी ऐकलं पांढरी लावतात."

"ती साध्या दंडाला. मेहनतीच्या दंडाला काळी."

शिंपीणबाईंनी आपल्या दंडाकडे अभिमानानं पाहिलं. "मग मलाही काळीच लागणार."

दुसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवायच्या आत रेडिओ हजर. मास्तर कोट चढवून गुपचूप केंद्राकडे सटकायच्या बेतात होते. ते राहिलंच.

"काय होतंय?" रेडिओनं विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?" रेडिओचा चेहरा पडला. "मग नुसतं पाणी टोचलं असणार मास्तर. खाली सांगतो तसं. पाण्यासाठी कशाला कोण थंडीत जातंय?"

मास्तर घाबरले. कुणी गेलंच नाही तर आक्काही जाणार नाही. "तसं नाही अगदी. हात जरा जड आहे."

"जड म्हणजे किती जड?"

"म्हणजे, एक पान्हा उचलला की दोन उचलल्यासारखं वाटतं."

रेडिओ खूश होऊन गेला. पण रेडिओनं उचललेली बातमी म्हणजे प्रत्येक मजल्यावर तिच्या अंगावर एक कोट चढायचा. चौथ्यावर मास्तरांना पान्हा उचलेना. तिसऱ्यावर त्यांना चमचा उचलेना. तळमजल्यावर बातमी पोचली तेव्हा हात इतका जड झाला होता, की मास्तर आत शिरले तर लिफ्ट म्हणे जागची हलत नव्हती.

रेडिओ दुपारी पुन्हा आला. मास्तरांनी विचार केला, आता अशी काहीतरी भलतीच लोणकढी सोडावी की हा स्वतःच हसेल आणि विषय मिटेल. भिंतीवर त्यांचं जुनं चावीचं घड्याळ होतं. त्याचे ठोके एवढे दणदणीत, की दुसऱ्या मजल्यावर शिंपीणबाई त्याच्यावरच आपली वेळ ठरवत. मास्तरांची नजर तिकडे गेली.

"रेडिओ, कुणाला सांगू नका," ते आवाज खाली आणून म्हणाले. "मी गाढ झोपेत होतो. तर हा हात आपोआप वर उठला, मला ओढत भिंतीपर्यंत घेऊन गेला आणि घड्याळाला चावी देऊन परत आला."

ते हसण्याची वाट बघू लागले. रेडिओ हसला नाही. तो उठला, घड्याळाला एका बोटानं स्पर्श केला, बोट सदऱ्याला पुसलं आणि मागच्या मागे दारातून बाहेर पडला.

स्वयंपाकघरात काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. आक्का दारात उभी होती. केंद्रावर न्यायची पिशवी तिनं कालच भरून ठेवली होती. तिनं ती खुंटीवरून काढली, आतला चष्मा, हातरुमाल, शाल एकेक बाहेर काढलं आणि पिशवीची घडी घालून फळीवर ठेवली.

"मी नाही घेणार."

"आक्का, अगं मी गंमत..."

"गप्प बस. तुझ्यासारख्या धडधाकट माणसाचा हात असा वागतो, तर माझी छाती काय काय करेल? आणि त्या घड्याळाजवळ जायचं नाही. हात लावायचा नाही म्हणजे नाही."

मास्तर जिन्यात गेले आणि जो भेटेल त्याला सांगू लागले, की मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे. लोक त्यांच्याकडे डोळे भरून बघत. "मास्तर आमच्यासाठी सोसतायत," असं चौथ्या मजल्यावरच्या सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी सोन्यासारख्या जावयालाही त्यांच्या पाया पडायला लावलं. लस घ्यायला मात्र कुणी हललं नाही. पाचव्या मजल्यावर चावी न मिळाल्यामुळे घड्याळ हळूहळू मंदावलं आणि बंद पडलं.

केंद्रात जाऊन गुपचूप लस घेऊन यावं, असं मास्तरांच्या मनात येई. पण आता दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळी इमारत विचारी, "हात कुठं नेतोय तुम्हाला?"

मग एका सकाळी रेडिओ आला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बातमी जशी होती तशी सांगितली.

"शिंपीणबाईंना ताप आहे. छाती भरलीय. गाडी बोलावलीय."

मास्तर धावत दुसऱ्या मजल्यावर गेले. दोन माणसं बाईंना खुर्चीत बसवून लिफ्टकडे आणत होती. अंगात तोच झगा, दंडावर टिचबटणं. ती उघडलेली नव्हती. तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे बाईंचा चेहरा कुणा परक्या माणसाचा वाटत होता. त्यांनी मास्तरांना ओळखलं. खोकल्याची उबळ सरल्यावर विचारलं, "मास्तर, हात बरा आहे ना आता?"

मास्तरांनी बाही खाली ओढली. लिफ्ट खाली गेली. ते दाराला कान लावून उभे होते आणि दोराच्या आवाजावरून बाईंचं वजन त्यांना ओळखता आलं नाही. जणू लिफ्ट रिकामीच चालली होती.

"आणखी एक," रेडिओ मागून हळूच म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंतच टोचणार आहेत इथं. मग उरलेली लस दुसऱ्या भागात नेणार. परत कधी येईल, ते त्या नर्सबाईंनाही ठाऊक नाही."

त्या संध्याकाळी आक्का खिडकी लावून बसली होती. घड्याळाचे ठोके नाहीत, त्यामुळे तिच्या छातीतली शिटी जास्तच ऐकू येत होती. मास्तरांना वाटलं, आजचा सूर कालच्यापेक्षा वर आहे. की नाही? त्यांनी श्वास रोखून ऐकलं. जन्मभर लोखंडाचा दोर ऐकत आलेल्या माणसाला आपल्या बहिणीचा श्वास समजेना.

"आक्का," ते एकदम म्हणाले, "मी लस घेतलीच नाही."

आक्कानं वळून पाहिलं आणि ती चक्क हसली.

"खरंच सांगतोय. मी लिफ्टमध्येच बसून राहिलो. पट्टी माझीच आहे. हात बिल्कूल उठला नव्हता."

"बाळ्या, बाळ्या." तिनं मान हलवली. "मला धीर यावा म्हणून काय काय रचशील? लहानपणी मी तुझ्याशी हेच करायचे रे. कडू औषध आधी मी चाखायचे, 'गोड आहे, ये' म्हणायचे, आणि मग तू तोंड उघडायचास. जीभ जळत असायची माझी. तुला कधी कळलं का?"

मास्तरांना कधी कळलं नव्हतं.

"तसंच तुझं चाललंय. तुझं औषध कडू निघालंय आणि तू मला गोड सांगतोस."

मास्तरांनी हात टेकले. इतके दिवस थापा मारल्या, त्या सगळ्या लोकांच्या गळी उतरल्या. एकदा खरं बोलले, तर ती थाप ठरली. आता तोंडानं काही उपयोग नव्हता.

"ठीक आहे," ते उठले. "उद्या चल माझ्यासोबत. तुझ्यासमोर घेतो."

"परत? एकीनंच हात उठवला, दुसरीनं काय गच्चीवरून उडी मारायचीय?" आक्काचा आवाज फाटला आणि पाठोपाठ शिटी वाजली. "मी जाऊ देणार नाही तुला."

पण सकाळी त्यांनी कोट घातलाच. आक्का दार अडवून उभी राहिली. ते तिच्या बाजूनं हळूच निघाले, तशी ती चप्पल पायात सरकवून मागे लागली. लिफ्टमध्ये ती त्यांच्या कोटाची बाही धरून होती. रस्त्यावर थंडी होती, ती दर थोड्या पावलांनी थांबत होती, मास्तरही थांबत होते आणि मागून रेडिओसकट अर्धी इमारत थोडं अंतर राखून येत होती. चौथ्या मजल्यावरच्या सासूबाई तर आधीच डोळे पुसत होत्या.

केंद्रातली लिफ्ट मुकाट वर गेली. दार उघडलं. खुर्ची, तबक, नर्सबाई. या वेळी मास्तर बाहेर पडले. कसे पडले ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"मला टोचा," ते म्हणाले.

ते खुर्चीपर्यंत पोचायच्या आत आक्का खुर्चीत जाऊन बसली होती. धाप लागली होती, तरी शाल तिनं स्वतःच दंडावरून बाजूला केली.

"याला नको, बाई. याची झालीय. याच्या वाट्याची मला टोचा, म्हणजे हा गप्प बसेल."

"आक्का!"

"तू बोलू नकोस. दोनदा तुला मरू देऊ? एकदा मीच मरते, त्यापेक्षा."

नर्सबाईंनी विचारायचं ते विचारलं, छातीचं सांगितल्यावर म्हणाल्या, "आजी, तुमच्यासारख्यांसाठीच तर आणलीय." आणि बोलता बोलताच सुई आत गेली आणि बाहेरही आली. आक्काचे डोळे गच्च मिटलेले होते.

"झालं, आजी."

आक्कानं एक डोळा उघडला. उजवा हात बघितला, डावा बघितला. दोन्ही मांडीवर शहाण्यासारखे पडून होते. "एवढंच?"

"एवढंच. आता आजोबा, तुम्ही."

"अहो, त्याची झालीय म्हणतेय ना मी!"

"यांची?" नर्सबाई हसू लागल्या. "हे तर त्या दिवशी लिफ्टमधून बाहेरच आले नाहीत. दार उघडलं की दिसायचे, दार मिटलं की जायचे. मला वाटलं, दुरुस्तीवाल्यांना पाठवलंय कुणीतरी. पण काही म्हणा, तेव्हापासून लिफ्ट एकदाही कुरकुरली नाही."

आक्कानं मास्तरांची बाही वर ओढली. काळी पट्टी अजून तिथंच होती, कडा सुटलेल्या, मळलेली. तिनं ती एका झटक्यात उपटली. खाली तेलाचा डाग होता. सुईची खूण कुठंच नव्हती.

"काल मी तुला सांगितलं होतं," मास्तर पुटपुटले.

"आयुष्यात एकदा खरं बोललास, आणि तेही मला पटेल असं बोलला नाहीस!"

दारात उभी असलेली इमारत हसायच्या बेतात होती. पण आक्काचा आवाज एकदम खाली आला. "शिंपीणबाई तुझ्या शब्दासाठी थांबल्या होत्या, बाळ्या."

मग कुणी हसलं नाही. मास्तर भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांनी तळहात भिंतीवर टेकवला, सवयीनं. भिंत स्थिर होती.

"हिचं झाकण उघडत नाही गं, आक्का," ते अगदी हळू म्हणाले. "आत काय आहे, दिसत नाही."

आक्का खुर्चीतून उठली. दंडावरची पांढरी पट्टी तिनं हातानं दाबून धरली होती. तिनं एक लांब श्वास घेतला, शिटी वाजली, तिनं ती वाजू दिली. मग खुर्चीच्या पाठीवर थोपटलं.

"ये," ती म्हणाली.

मास्तर गेले आणि बसले.

टोचून झाल्यावर दोघांना बाकावर थांबायला सांगितलं होतं. मास्तरांनी आक्काच्या पाठीमागे बाकाच्या लाकडावर तळहात सपाट ठेवला. तिचा श्वास लाकडातून हाताला लागत होता. वर, खाली. वर, खाली. कुठं अडखळतोय का, हे ते इतक्या एकाग्रतेनं बघत होते की स्वतःच्या दंडाचं भानच नव्हतं.

रेडिओ समोर येऊन उभा राहिला. मागे सगळे. "मास्तर," त्यानं घसा साफ केला, "काय होतंय?"

मास्तरांच्या जिभेवर काय काय येऊन गेलं असेल, देव जाणे. ते म्हणाले, "हात दुखतोय."

"किती?"

"दुखतो तेवढा."

"बस?" रेडिओला हळहळ वाटली असावी. "आणखी काही?"

"भीती वाटतेय."

"कसली?"

"दुसऱ्या मजल्याची."

रेडिओनं मान खाली घातली. सगळ्यांचे डोळे अजून मास्तरांवरच होते, त्या एका शब्दासाठी.

"माझ्याकडे बघू नका," मास्तर म्हणाले. "आधी आक्का होती."

नजरा वळल्या. आक्कानं शाल सारखी केली, चष्मा नसतानाही चष्मा वर सरकवल्यासारखं केलं आणि सगळ्यांकडे एकवार पाहून घेतलं.

"या," ती म्हणाली. "लवकर या. संध्याकाळपर्यंतच आहे."

परत येताना लिफ्टमधून दुसरा मजला खाली सरकताना दिसला. शिंपीणबाईंचं दार बंद होतं. इस्पितळातून काही निरोप नव्हता.

घरी आल्यावर आक्का पलंगावर बसली. अंग थोडं कसकसत होतं, दोघांचंही. मास्तर दर थोड्या वेळानं तिच्या कपाळाला हात लावून बघत. तिनं दोनदा सहन केलं, तिसऱ्यांदा हात झटकला.

"तो हात वर होतोय का तुझा?"

"दुखतोय. पण होतोय."

"मग त्या घड्याळाला चावी दे," आक्का म्हणाली. "शिंपीणबाई परत आल्या आणि ठोके ऐकू आले नाहीत, तर त्यांना वेळ कशी कळणार?"

मास्तर स्टुलावर चढले. हात चावीपर्यंत नेताना दंडात कळ आली आणि त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. रेडिओकडून वेळ विचारून काटे लावले, लोलकाला बोटानं हलकेच ढकललं. घड्याळ चालू झालं. ठोका पडला, तशी इमारत त्या आवाजानं नेहमीसारखी दणाणली.

मास्तर स्टुलावरून उतरले नाहीत. तळहात भिंतीला लावून ते तसेच उभे राहिले आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत, त्याच्याही खाली, लिफ्टच्या दोरावर बाईंचं वजन लागतंय का, म्हणून कान देत राहिले.